गणपतीला फ्रिजमध्ये, दिवाळीला मातीत: बेळगावात एशियाटिक लिली

एशियाटिक लिली आपल्याकडं येते काय, असं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतंच. येते, आणि झकास येते. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात ही लिली म्हणजे रब्बीचं पीक आहे. शाळू जसा पाऊस सरल्यावर पेरायचा आणि ऊन करपवायला लागायच्या आत काढायचा, तशीच हीही. पावसाळ्यात तिला मातीत ठेवायचं नाही. एवढं पाळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

थंड देशांतल्या बागकामाच्या माहितीत लिहिलेलं असतं की लिली एकदा लावा, दरवर्षी आपोआप फुलेल. तिकडं ते खरंच आहे. या लिलीचे पूर्वज चीन, जपान, कोरिया, सायबेरिया अशा थंड मुलखांतले. त्यांचे संकर करून युरोप-अमेरिकेत बागेतली वाणं निघाली. ओरेगॉनमध्ये यान द ग्राफ यांनी १९४० च्या दशकात काढलेलं 'एन्चांटमेंट' हे नारिंगी वाण त्यातलं फार गाजलेलं. तिकडं तिचा गड्डा, म्हणजे जमिनीतला कंद, हिवाळाभर गारठलेल्या मातीत झोपून असतो आणि वसंतात उठतो. ती झोप पुरी झाल्याशिवाय तो धड फुटत नाही, आणि फुटला तरी कळी धरत नाही.

बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. गाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर असतो, एखादी लाट आली तर १०-११ पर्यंत उतरतो, आणि दिवसा छान कोवळं ऊन. लिलीच्या वाढीला याहून चांगली हवा नाही. पण ही थंडी गड्ड्याला झोपवायला पुरत नाही. म्हणून झोप फ्रिजमध्ये आणि वाढ बेळगावच्या थंडीत, अशी वाटणी करायची.

माझं सासर बेळगावातल्या वडगावात. पुढं विणकामाच्या मागाची शेड, मागं परडं. इथली माती काळी, भाताची, पाणी धरून ठेवणारी. माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीकडं, तिथं तांबडी माती आणि पाऊस कोसळणारा. या दोन्ही मातींत मी ही लिली लावते, त्यामुळं दोन्हींच्या खोडी सांगते.

गड्डा कसा बघून घ्यायचा

आधी हे कळू दे की आपण कुठल्या लिलीबद्दल बोलतोय. पहिल्या पावसात कंपाउंडच्या कडेला गुलाबी-पांढरी फुलणारी ती रेन लिली. मे महिन्यात लाल गोंडा येतो तो फुटबॉल लिलीचा. पांढरी, लांब बारीक पाकळ्यांची ती स्पायडर लिली. ह्या तिन्ही आपल्याकडं काही न करता येतात आणि यातली एकही एशियाटिक लिलीच्या जवळची नाही. आमच्या खानापूरच्या रानात पावसाळ्यात वेलीवर लाल-पिवळी कळलावी फुलते, तिचं तर चक्रच उलटं: ती मृगाच्या पावसावर उठते आणि थंडीत झोपते.

एशियाटिक लिलीचा एकच सरळ दांडा वर येतो, दोन-तीन फुटांचा. त्याला चहूबाजूंनी बारीक पानं, आणि शेंड्याला कळ्यांचा झुबका. फुलं आकाशाकडं तोंड करून उघडतात. रंग नारिंगी, पिवळा, लाल, गुलाबी, पांढरा, कधी आतून काळे ठिपके. वास नाही. लग्नाच्या सजावटीत जी खाली-बाजूला तोंड केलेली, सगळा हॉल घमघमवणारी मोठी लिली दिसते ती ओरिएंटल. ती आपल्याकडं जास्त नखरे करते आणि फुलायलाही जास्त दिवस घेते. पहिल्यांदा लावणाऱ्यानं एशियाटिकच घ्यावी.

निळी लिली मागू नका. खऱ्या लिलीत निळं वाण बाजारात मिळत नाही. माझ्या भाचीनं मोबाईलवर निळ्या लिलीचं बी म्हणून एक पाकीट मागवलं होतं, त्यातून उगवलं ते भलतंच तण. बियांपासून लिली फुलायला दोन-तीन वर्षं तरी लागतात, तेव्हा बी घेऊच नका, गड्डा घ्या.

गड्डा हातात घेतला की सगळं कळतं. कांद्याला वरून पापुद्रा असतो, हिला नसतो. मांसल पांढरे-पिवळसर खवले एकावर एक दाटीनं बसलेले असतात, उघडेच. म्हणून हा गड्डा कांद्यासारखा टोपलीत टांगून ठेवला तर आठ-पंधरा दिवसांत सुकतो. घेताना दाबून बघा: टणक लागला पाहिजे, हाताला वजन जाणवलं पाहिजे. खाली चकतीला जाड पांढरी मुळं असतील तर उत्तम, ती कापायची नाहीत. खवल्यांच्या टोकाला थोडी निळसर बुरशी असेल तर घाबरू नका, पुसून जाते. पण चकतीच तपकिरी, मऊ झाली असेल किंवा नाकाला कुजका वास आला तर तो गड्डा परत द्या.

गड्ड्याचा आकार घेरावर मोजतात: १०-१२, १२-१४, १४-१६ सेंटिमीटर. जितका मोठा तितक्या कळ्या जास्त. घरासाठी १२-१४ चा पुरे. आपल्याकडं येणारे बरेच गड्डे हॉलंडचे असतात आणि ते थंडी देऊनच पाठवलेले असतात. विकणाऱ्याला तेवढं विचारून घ्या. थंडी दिलेला गड्डा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळाला तर त्याला पुन्हा फ्रिज नको, सरळ लावा. एक-दोन सेंटिमीटरचा कोंब बाहेर आलेला असला तरी चालतो, फक्त लावताना मोडू देऊ नका.

पंचांगावरचा हिशोब

घरात मागच्या वर्षीचे गड्डे असतील तर त्यांना साधारण ६ ते ८ आठवडे थंडी द्यावी लागते, ४ अंशांच्या आसपास. आता बघा, गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ५५ दिवस असतात. म्हणजे आठ आठवडे. गणपती दारात आले की गड्डे फ्रिजमध्ये, आणि दिवाळीचा फराळ संपला की मातीत. मला हे तारखांपेक्षा सोपं पडतं, आणि ज्यांना ज्यांना मी गड्डे दिलेत त्यांनाही असंच सांगते.

दिवाळीत लावलेला गड्डा दहा-अकरा आठवड्यांत फुलतो. म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, ऐन हळदीकुंकवात. त्या दिवसांत गणपत गल्लीच्या बाजारात फुलांचे भाव चढलेले असतात आणि आपल्या परड्यात लिलीचा बहर असतो.

दिवाळी लवकर आली आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर घाई करायची नाही. गड्डे आठ-पंधरा दिवस जास्त फ्रिजमध्ये राहिले तर काही बिघडत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ओल्या मातीत लावले तर मात्र मुळं धरायच्या आधीच कोंब वर पळतो आणि दांडा लेचापेचा होतो. पहिले दोन-तीन आठवडे माती गार असणं हे या झाडाला फार महत्त्वाचं आहे. उलट डिसेंबर उलटून गेल्यावर लावायलाही जाऊ नका. मग कळ्या मार्चच्या उन्हात सापडतात, आखूड दांड्यावर लहान फुलं येतात आणि दोन दिवसांत मिटतात.

माती

लिलीला पाणी हवं, पण पाण्यात बसायला नको. गड्डा कुजून जातो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तुमच्या जागेचा निचरा बघायला एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढा आणि पाण्यानं भरा. ते जिरू द्या. पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तास-दोन तासांत उतरलं तर जागा चांगली. वडगाव, येळ्ळूर, शहापूरकडच्या काळ्या जमिनीत ते संध्याकाळपर्यंत तसंच असतं. तिथं खड्ड्यात लावायचंच नाही. जमिनीच्या वर वीतभर उंच वाफा करायचा, कडेला जुन्या विटा किंवा जांभा लावायचा. माझं माप असं: दोन बुट्ट्या तांबडी माती, एक बुट्टी जाड वाळू, एक बुट्टी पूर्ण कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि अर्धी बुट्टी अर्धवट जळकं भाताचं तूस. आपल्याकडं भाताच्या गिरण्यांवर तूस सहज मिळतं. त्यानं माती मोकळी राहते. ताजं शेण अजिबात घालू नका, मुळं जळतात आणि कूज लागते.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे तिच्यात चुना असतो. या लिलीला साधारण ६ ते ७ सामू (pH) मानवतो. चुनखडीच्या मातीत तिला लोह घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती आंबट अंगाची, ती हिला अगदी पसंत. तिकडं वेगळंच बघावं लागतं: माती हलकी, खत धरत नाही, म्हणून शेणखत जास्त आणि पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर.

फॉस्फरसासाठी सुपर फॉस्फेट टाकायची सवय असते, ती इथं मोडा. त्यात फ्लोराइड असतं आणि लिलीच्या पानांची टोकं त्यानं करपतात. हाडांचा चुरा घाला.

कुंडीत लावणार असाल तर मातीचीच कुंडी घ्या, दहा इंची, खोल. खानापूरच्या कुंभारांच्या कुंड्या मला त्यासाठी फार आवडतात. भाजलेल्या मातीतून ओल बाहेर जाते, मुळं गार राहतात. दहा इंचीत तीन गड्डे दाटीनं बसतात आणि तीन दांडे एकदम फुलले की कुंडी भरलेली दिसते. प्लास्टिकची कुंडी असेल तर पाणी निम्म्यानं कमी करा.

लावणी

लावायच्या आधी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कॅप्टन हे बुरशीनाशक घालून गड्डे अर्धा तास बुडवते आणि सावलीत निथळू देते. हातमोजे घालायचे. औषध नको असेल तर वाफ्यात शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून आठवडाभर आधी ठेवा. पण एकाच वाफ्यात दोन्ही वापरू नका, कॅप्टननं ट्रायकोडर्मा मरते.

आता खोली. हे नीट वाचा, कारण बहुतेक जण इथंच कमी पडतात. लिलीला दोन प्रकारची मुळं असतात. गड्ड्याच्या खाली असतात ती, आणि गड्ड्याच्या वर, मातीत गेलेल्या दांड्याला फुटतात ती. दांड्याला कळ्या येईपर्यंत बरंचसं अन्नपाणी ही वरची मुळंच पुरवतात. गड्डा उथळ लावला तर त्यांना मातीच मिळत नाही. म्हणून गड्ड्याच्या टोकावर चार बोटं नव्हे, चांगली दहा-बारा सेंटिमीटर माती आली पाहिजे. कुंडीत दहा पुरे. दोन गड्ड्यांत वीतभर अंतर. गड्ड्याखाली मूठभर वाळू टाका, मुळं पसरून ठेवा, टोक वर. माती हलकेच लोटा, पायानं दाबू नका. मग एकदा भरपूर पाणी.

शहरात घूस आणि खानापूरकडं साळींदर हे गड्ड्यांचे मोठे शत्रू. साळींदर एका रात्रीत वाफा उकरून ठेवतं. माहेरी आम्ही कोंबडीजाळीचा पिंजरा करून जमिनीत पुरतो, त्यात माती भरून गड्डे लावतो. वडगावात माझ्या वाफ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी आहे, कारण माकडं कळ्या खुडून टाकतात.

वर भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, पातळ पसरा. माती गार राहते आणि आपल्याकडं डिसेंबरात जे कोरडं वारं सुटतं त्यानं ओल उडत नाही. कोंब पिंजरातून वर आला की भोवतीचं जरा बाजूला सारा.

पाणी, ऊन, खत

पाणी बोटानं ठरवा. बोट मातीत घाला, पेरभर कोरडं लागलं की पाणी. नोव्हेंबरात तीन-चार दिवसांनी लागतं, फेब्रुवारीत रोज लागू शकतं. पाणी मुळाशी, सकाळी. संध्याकाळी पानांवर फवारलं तर रात्रीच्या गारव्यात पानं ओली राहतात आणि तपकिरी ठिपक्यांचा करपा येतो. तो आला तर ठिपक्यांची पानं काढून टाका, झाडांत वारा खेळू द्या.

बोअरचं पाणी खारट असेल तर लिलीला चालत नाही, पानांची टोकं जळतात. आम्हाला राकसकोपचं नळपाणी येतं, तेच मी घालते. बोअरशिवाय सोय नाही अशांनी महिन्यातून एकदा तरी साठवलेलं गोडं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढावी.

ऊन हिवाळ्यात दिवसभराचं चालतं. कमी ऊन मात्र चालत नाही. कळ्या मुगाएवढ्या झाल्या आणि पिवळ्या पडून गळल्या अशी तक्रार घेऊन शेजारच्या वहिनी आल्या होत्या. "काय ओ, कीड पडली काय ह्याला?" कीड नव्हती. कुंडी जिन्याखाली होती. वाढीच्या दिवसांत निदान सहा तास उजेड मिळाला नाही की झाड कळ्या सोडून देतं. कुंडी गच्चीवर नेल्यावर मागून आलेल्या कळ्या टिकल्या.

कोंब वीतभर झाला की खत सुरू. लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, आठवड्यातून एकदा. द्राक्ष-भाजीवाले वापरतात तेच, कृषी केंद्रात मिळतं. कळ्या दिसू लागल्या की पोटॅशकडं वळायचं. नत्राचा मारा केला तर पानं गर्द होतात आणि दांडा कोलमडतो. वाऱ्याची बाजू असेल तर वेळूची कामटी लावून सैल बांधा. कामटी गड्ड्यात घुसू देऊ नका, ती लावणीच्या वेळीच बाजूला रोवून ठेवलेली बरी.

मावा येतोच. शेंड्याच्या कळ्यांमध्ये, पानांच्या बगलेत हिरवट ठिपक्यांसारखा दिसतो. थोडा असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, जास्त असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, ऊन कलल्यावर. मावा फक्त रस शोषत नाही, तो विषाणू पसरवतो. पानांवर फिकट-गडद चट्टे, वेडीवाकडी कळी असं झाड दिसलं तर त्याला औषध नाही. गड्ड्यासकट उपटून जाळा. जीव तुटतो, पण नाही उपटलं तर सगळा वाफा जातो.

फुलं

कळी उघडायच्या आदल्या दिवशी तिचा रंग पूर्ण भरतो आणि टोकाला बारीक भेग पडते. सकाळी उन्हं आली की सहा पाकळ्या मागं वळतात. आत सहा केसर, प्रत्येकाच्या टोकाला आडवी बसवल्यासारखी पुडी. पहिल्या काही तासांत ती गुळगुळीत, बंद असते. दुपारपर्यंत तिची शिवण उसवते आणि तांबूस-तपकिरी पराग बाहेर येतो. फूल घरात ठेवायचं असेल तर पुडी बंद असतानाच बोटांनी ओढून काढा. पराग कपड्याला लागला तर पाणी लावू नका, चोळू नका, डाग कायमचा बसतो. चिकटपट्टीनं टिपून घ्यायचा, मग कपडा उन्हात टाकायचा. इरकलीवर पडलेला परागही असा निघतो.

फुलदाणीसाठी दांडा कापताना खालच्या बाजूचा निदान तिसरा हिस्सा पानांसकट झाडावर राहू दे. तीच पानं पुढच्या वर्षीचा गड्डा भरतात. पहिल्या कळीला रंग चढला की कापा, बाकीच्या पाण्यात उघडतात. एकेक फूल पाच-सहा दिवस टिकतं, सगळा दांडा दोन आठवडे तरी शोभा देतो. फुलदाणी केळी-सफरचंदांच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं कळ्या गळतात.

आणि ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी ही लिली लावूच नये, फुलदाणीतही ठेवू नये. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराला विष. अंगावर पडलेला पराग चाटला तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जाऊ शकतो. मांजरानं तोंड लावल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. आमच्या वडगाव-शहापुरात मागाच्या शेडीत उंदीर सूत कुरतडतात म्हणून मांजर पाळणारी घरं आहेत. माझ्या धाकट्या जावेकडं तसंच मांजर आहे. तिनं कितीदा मागितले तरी तिला मी लिलीचे गड्डे दिले नाहीत, मोगऱ्याचं रोप दिलं.

फुलं गेल्यावर खरी राखण

फुलं संपली की लोकांचं लक्ष उडतं. पण गड्डा त्यानंतरच भरतो. सुकलेलं फूल देठाशी खुडा, बोंड धरू देऊ नका. दांडा आणि पानं मात्र हिरवी आहेत तोवर हात लावायचा नाही. फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की दुपारसाठी ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा, पिंजर जाड करा, पाणी चालू ठेवा, पोटॅश एक-दोनदा द्या. आपल्याकडं ही पानं एप्रिलअखेरपर्यंत टिकवली की जिंकलो. पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडत आणा. वळीव सुरू झाले आणि वाफ्यात पाणी साचलं तर वाट बघू नका. मृग निघायच्या आत गड्डे वर आलेच पाहिजेत.

फावडं नको, दाताळीनं लांबून सैल करा आणि हातानं काढा. माती झटका, धुऊ नका. कुजके, भोकं पडलेले बाजूला. मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवून पिळा. मूठ वळली पाहिजे, पण दाबल्यावर बोटांतून पाणी टपकायला नको. इतपत ओल. त्यात गड्डे एकमेकांना न लागता ठेवा, पिशवीला दाभणानं भोकं पाडा, चिठ्ठी टाका. रंग विसरतातच, म्हणून चिठ्ठी.

जून ते गणपती ही पिशवी घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात राहते. बेळगावचा पावसाळा गार असतो, त्यामुळं हे निभतं. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायची, एखादा मऊ झाला असेल तर काढायचा. निपाणी, चिक्कोडीकडं घर तापत असेल तर जुलैपासूनच फ्रिजमध्ये गेले तरी चालतील.

फ्रिजमध्ये ठेवताना फ्रीझरला चिकटून नको, गड्डे गोठले की संपले. खालच्या कप्प्यात ठेवा, आणि त्या कप्प्यात फळं नकोत. तोच इथिलीन वायू आतल्या कोवळ्या कळीला मारतो आणि जानेवारीत नुसताच दांडा वर येतो.

इतकं करूनही आपल्या हवेत गड्डा थंड देशांइतका भरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळ्या कमी होतात. त्याला उपाय म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी थोडे नवे गड्डे आणायचे आणि आपलीही पिल्लं वाढवत राहायचं.

पिल्लं

काढणीच्या वेळी दांड्याच्या मातीतल्या भागाला मुळांमध्ये वाटाण्या-हरभऱ्याएवढे गड्डे चिकटलेले सापडतात. ते फेकू नका. शिवाय मोठ्या गड्ड्याचे बाहेरचे दोन-चार खवले चकतीपासून अलगद मोडून घेता येतात, गड्ड्याला काही होत नाही. हे खवले कॅप्टनच्या पाण्यात बुडवून, ओलसर कोकोपीटच्या पिशवीत घरातच ठेवायचे. आपल्या पावसाळ्यातली २२-२५ अंशांची हवा त्यांना नेमकी लागते. सहा-आठ आठवड्यांत खवल्याच्या मोडलेल्या कडेला पांढरे टिपूस दिसतात, मग त्यांना मुळं फुटतात. गणपतीला हेही मोठ्यांबरोबर फ्रिजमध्ये आणि दिवाळीला मातीत, फक्त उथळ, दोन बोटं खोल. पहिल्या वर्षी एखादं-दुसरं पान येतं, फुलायला दोन-तीन हिवाळे लागतात.

खानापूर-चंदगडच्या माझ्या बहिणींना मी ही पिल्लं हळदीकुंकवाचं वाण म्हणून देते, त्याच थंडीत कुंडीत लावलेली, नावाची चिठ्ठी खोचून. देताना एवढंच सांगते की पहिल्या वर्षी कळी दिसलीच तर खुडून टाका, गड्डा भरू दे, आणि मृगाच्या आत कुंडी पावसाच्या मारातून काढून पडवीत घ्या.